टंगस्टनच्या ठोकळ्यांना पुन्हा पुन्हा तडे: दोष झटक्यांचा, गारव्याचा की उंचीतल्या फरकाचा?

टोकामॅक म्हणजे अणुसंलयनासाठी अतितप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्रात बांधून ठेवणारं यंत्र, आणि डायव्हर्टर म्हणजे त्यातला उष्णतेचा मुख्य भार झेलणारा भाग. तक्रार साधारण अशी असते. डायव्हर्टरसाठी बनवलेल्या टंगस्टनच्या ठोकळ्यांवर प्लाझ्मासारखे उष्णतेचे झटके देऊन चाचणी घेतली, आणि काही हजार झटक्यांत पृष्ठभागावर तडे दिसले. झटक्याची शक्ती कमी केली, नमुना बदलला. तडे पुन्हा आले, फक्त थोडे उशिरा. दुसऱ्या पुरवठादाराचं टंगस्टन आणलं, त्यालाही तडे. पुढे तेच ठोकळे टोकामॅकमध्ये बसवले तर तिथे भलत्याच जागी तडे निघाले.

यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका समजुतीपायी: तडा गेला म्हणजे उष्णता जास्त झाली, तेव्हा शक्ती कमी करा. टंगस्टनला निदान तीन वेगवेगळ्या कारणांनी तडे जातात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एका प्रकारात ठोकळा आणखी गरम ठेवावा लागतो, दुसऱ्यात आणखी थंड, आणि तिसऱ्यात तापमानाला हात न लावता ठोकळ्याची उंची सरळ करावी लागते. म्हणून आधी तड्याचा आकार, जागा आणि खोली बघा. शक्तीचं बटण नंतर.

ठोकळा आणि त्यावर पडणारा भार

इथे सगळीकडे इटरच्या, म्हणजे फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या, डायव्हर्टरचा ठोकळा, म्हणजे मोनोब्लॉक, धरला आहे. रुंदी २८ मिमी, नळीच्या दिशेने जाडी १२ मिमी. मधल्या भोकातून तांबे-क्रोमियम-झिर्कोनियम मिश्रधातूची नळी जाते, आतून १२ आणि बाहेरून १५ मिमी व्यासाची. नळी आणि टंगस्टन यांच्यामध्ये १ मिमी शुद्ध तांब्याचा थर असतो. टंगस्टन आणि मिश्रधातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, तो फरक हा मऊ थर पोटात घेतो. नळीच्या डोक्यावर टंगस्टनची जाडी ६ ते ८ मिमी. नळीत पिळदार पट्टी बसवलेली असते, त्यामुळे पाणी भोवऱ्यासारखं फिरत जातं आणि जास्त उष्णता उचलतं. काडेपेटीहून लहान हा तुकडा हातात घेतला तर शंभर ग्रॅमहून जड लागतो, कारण टंगस्टनची घनता पाण्याच्या १९.३ पट आहे.

त्याच्यावर दोन तऱ्हेचा भार येतो. पहिला सततचा: १० मेगावॅट प्रति चौरस मीटर, आणि अधूनमधून काही सेकंद २०. दुसरा झटक्यांचा. प्लाझ्मा चांगला बांधला गेला की त्याच्या कडेला दाब साचतो आणि ठरावीक अंतराने ती कड फुटते. या फुटण्याला एल्म म्हणतात. इटरमध्ये १५ मेगाअँपिअरवर एल्म आवरले नाहीत, तर एकेका एल्ममध्ये २० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा अर्ध्या मिलिसेकंदाच्या घरात बाहेर पडेल असा अंदाज आहे. ती १ मेगाज्यूलच्या खाली आणायची, तर एल्म लहान आणि वारंवार करावे लागतात किंवा पूर्ण दाबावे लागतात. मग गणित संख्येवर जातं. ४०० सेकंदांच्या एका शॉटमध्ये (प्लाझ्मा पेटण्यापासून विझेपर्यंतच्या एका फेरीत) सेकंदाला ३० या दराने १२,००० झटके होतात, आणि ८० ते ८५ शॉटमध्ये दहा लाख. शंभर झटक्यांत नमुना टिकला म्हणून निश्चिंत होणं म्हणूनच अंगाशी येतं.

तडा पडतो कधी

अर्ध्या मिलिसेकंदात उष्णता टंगस्टनमध्ये जेमतेम ०.१५ ते ०.२ मिमी आत शिरते. वरची कागदाएवढी साल तापते आणि खालचा ठोकळा होता तसाच राहतो. साल फुगू बघते, पण खालचा धातू तिला पसरू देत नाही. टंगस्टन एका अंशाला दहा लाखांत साडेचार भाग प्रसरण पावतं आणि त्याचा स्थितिस्थापकता गुणांक ४०० गिगापास्कल आहे. अशा दोन्ही बाजूंनी जखडलेल्या सालीत दर अंशाला सुमारे २.५ मेगापास्कल दाब तयार होतो. साल ६०० अंशांनी तापली तर हा हिशोब १,५०० मेगापास्कलवर जातो. तापलेलं टंगस्टन एवढं सोसत नाही, त्याची मर्यादा त्याच्या बरीच खाली असते. तेव्हा साल दबते, कायमची आखूड होते.

झटका संपला की साल काही मिलिसेकंदांत गार होते. आता ती आखूड आहे आणि खालचा ठोकळा तिला ताणून धरतोय. तडा या क्षणी पडतो, गार होताना. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्याचं कारणही हेच: वरचा थर आकसतो, खालची ओली जमीन आकसत नाही. चिखल पाणी उडून गेल्यामुळे आकसतो, टंगस्टन आधी चेपल्यामुळे, एवढाच फरक. भेगांची नक्षी मात्र इतकी सारखी दिसते की सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोवर मोजपट्टी नसेल, तर ओळखू येत नाही.

गार होताना टंगस्टन तन्य अवस्थेत असेल तर ते ताणलं जाऊन निभावतं. ठिसूळ असेल तर फाटतं. ठिसूळपणा सुटण्याचं तापमान, ज्याला प्रयोगशाळेत सगळे डीबीटीटीच म्हणतात, लाटलेल्या टंगस्टनसाठी साधारण २०० ते ४०० अंश असतं. ते किती दाबून लाटलंय, धातूतले स्फटिकांचे दाणे कसे आहेत, ताण किती वेगाने येतो, यावर ते हलतं. न्यूट्रॉनांचा मारा झाला की ते वर चढतं.

पहिली पायरी: झटक्याचा आकडा बरोबर काढा

दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत, तेव्हा पुष्कळदा धातूत फरक नसतो, आकडा काढण्यात असतो. नुसती ऊर्जा किंवा नुसती शक्ती सांगून काही कळत नाही. शोषलेल्या शक्तीला (मेगावॅट प्रति चौ.मी.) झटक्याच्या कालावधीच्या (सेकंदांत) वर्गमुळाने गुणा. हा उष्णभार गुणांक. पृष्ठभागाचं तापमान किती उडी मारेल हे तो थेट सांगतो: टंगस्टनसाठी गुणांकाच्या दर एककाला सुमारे ६० अंश.

३८० मेगावॅट, १ मिलिसेकंद: गुणांक १२, उडी साधारण ७२० अंश. अर्धा मेगाज्यूल प्रति चौ.मी., अर्ध्या मिलिसेकंदात: शक्ती १,००० मेगावॅट, गुणांक २२, उडी १,३०० अंशांच्या वर. ठोकळा आधीच १,००० अंशांवर असेल तर गुणांक ४० च्या आसपास वितळण्याची रेषा, म्हणजे ३,४२२ अंश, गाठली जाते. थंड ठोकळ्याला तीच रेषा गाठायला ५० च्या वर जावं लागतं. हा ढोबळ हिशोब आहे, कारण तापमानासोबत टंगस्टनची उष्णतावाहकता घटते (खोलीच्या तापमानाला १७० च्या वर, १,००० अंशांना ११० च्या आसपास) आणि उष्माधारकता वाढते. पण चाचणी आखायला आणि दोन अहवाल शेजारी ठेवायला पुरेसा आहे.

इथे तीन चुका नेहमी होतात.

इलेक्ट्रॉन शलाकेने चाचणी घेताना यंत्रावर दिसणारी शक्ती तशीच धरली जाते. टंगस्टनवरून इलेक्ट्रॉन मोठ्या संख्येने परत उसळतात आणि जेमतेम ५५ टक्के शक्ती आत शिरते. हा गुणक लावला नाही तर मर्यादा जवळपास दुप्पट चांगली दिसते, आणि टोकामॅकमध्ये तोंडघशी पडायला होतं. लेसरने चाचणी असेल तर उलटी अडचण: घासून चकचकीत केलेला पृष्ठभाग सुरुवातीला प्रकाश परतवतो आणि खडबडीत झाला की जास्त शोषतो. यंत्राची सेटिंग तीच ठेवली तरी हजाराव्या झटक्याचा भार पहिल्यापेक्षा जास्त असतो.

दुसरी चूक झटक्याच्या आकाराची. चौकोनी झटका आणि वेगाने चढून सावकाश उतरणारा झटका यांची एकूण ऊर्जा सारखी असली, तरी कमाल तापमान सारखं नसतं. नोंदीत आकार लिहा.

तिसरी, झटक्यांची संख्या. जर्मनीतल्या यूलिख संशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉन शलाकेवरच्या चाचण्यांत, खोलीच्या तापमानाला १ मिलिसेकंदाचे शंभर झटके दिले तेव्हा तड्यांची सुरुवात १९० ते ३८० मेगावॅटच्या दरम्यान, म्हणजे गुणांक ६ ते १२ मध्ये, झाली. झटके दहा लाखांपर्यंत नेल्यावर मर्यादा ३ ते ६ च्या दरम्यान उतरली. वरचा २.५ मेगापास्कलचा हिशोब लावून बघा: गुणांक ३ म्हणजे १८० अंशांची उडी, ४५० मेगापास्कलचा दाब, म्हणजे तापलेल्या टंगस्टनच्या मर्यादेच्या आसपास. त्याच्या वर प्रत्येक झटका सालीला थोडी चेपतो आणि थोडी ओढतो. तार वाकवून वाकवून तोडतात तसाच हा थकवा.

भारतात ही चाचणी करायची तर गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत २०० किलोवॅटची इलेक्ट्रॉन शलाकेची सोय आहे. ५५ टक्क्यांचा नियम तिथेही तसाच लागतो.

दुसरी पायरी: तडा वाचा

भिंग २० पट पुरे. शक्य असेल तर एक ठोकळा बळी द्या: पाण्याच्या प्रवाहात सावकाश फिरणाऱ्या हिऱ्याच्या चकतीने उभा कापा, घासून चकचकीत करा आणि कापलेली बाजू बघा. पृष्ठभागाचा फोटो तड्याची जागा सांगतो. स्वभाव कळतो तो छेदावरूनच.

*बारीक जाळी, सगळीकडे पसरलेली.* भेगांचे तुकडे साधारण अर्ध्या-एक मिलिमीटरचे, तडे पृष्ठभागाला काटकोनात, खोली काही दशांश मिलिमीटर आणि मग थांबलेले. हा थंडपणाचा तडा. झटके पडताना ठोकळा डीबीटीटीच्या खाली होता. चाचणीत हे सहज घडतं, कारण पाणी ७० ते १०० अंशांचं, सततचा भार शून्य आणि फक्त झटके दिलेले. टोकामॅकमध्ये हेच शॉटच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत घडतं, ठोकळा अजून तापलेला नसताना एल्म सुरू झाले तर. प्लाझ्माचा मुख्य भार जिथे टेकतो त्या पट्ट्यापासून दूर असलेल्या, कायम गार राहणाऱ्या ठोकळ्यांवरही हीच जाळी दिसते.

उपाय ठोकळा गरम ठेवण्याचा. चाचणीत आधी सततचा भार लावून पृष्ठभाग निदान ४०० अंशांवर नेऊन स्थिर करा, मग झटके सुरू करा. ६ मिमी टंगस्टनमधून उष्णता पार व्हायला एखादा सेकंद लागतो, तापमान स्थिर व्हायला काही सेकंद. भार लावल्यापासून किमान ५ सेकंद थांबा. यंत्रात हाच क्रम म्हणजे आधी एल्मविरहित प्लाझ्माने पट्टा तापवायचा, मग एच-मोडमध्ये, म्हणजे प्लाझ्मा चांगला बांधला जाऊन एल्म येऊ लागतात त्या अवस्थेत, शिरायचं. गरम ठेवल्यावरही पृष्ठभाग खडबडीत होईल, पण जाळी उशिरा येईल किंवा येणारच नाही.

जाळी पडलीच, तर घाबरून ठोकळा काढू नका. उभे, उथळ, थांबलेले तडे उष्णतेच्या वाटेत आडवे येत नाहीत, उष्णता त्यांच्या शेजारून खाली जाते. लक्ष ठेवायचं ते जाळीतल्या बेटांच्या कडांवर. एखादी कड उचलली गेली, तिच्या टोकाला वितळलेला गोल थेंब दिसला, तर तडा खाली आडवा वळलाय.

*मधोमध एकच खोल तडा.* पृष्ठभागाच्या मध्यावर, नळीच्या दिशेने लांब गेलेला, सरळ खाली तांब्याकडे निघालेला. छेदात त्याच्या आजूबाजूचे दाणे मोठे आणि गोलसर, मूळ लाटलेल्या लांबट दाण्यांची खूण नाही. हा सततच्या जादा भाराचा तडा, झटक्यांशी त्याचा फारसा संबंध नाही. कारण पुनर्स्फटिकीकरण. लाटताना टंगस्टनला जी ताकद आणि तन्यता येते ती सारी लांबट, चेपलेल्या दाण्यांत असते. १,२०० ते १,३०० अंशांच्या वर ते दाणे विरघळून नवे, मोठे, मोकळे दाणे बनतात. धातू मऊ होतो आणि त्याचा डीबीटीटी वर जातो. तापताना तो सहज चेपतो, गार होताना पूर्वीपेक्षा जास्त ठिसूळ असतो. हा तडा शॉट संपून ठोकळा पूर्ण गार होताना वाढतो.

हिशोब करून बघा. २० मेगावॅटचा भार, ८ मिमी जाडी: फक्त टंगस्टनमध्येच सुमारे १,४५० अंशांचा फरक पडतो. ६ मिमी असेल तर १,१०० च्या आसपास. नळी, पाणी आणि तांबं यांचा वाटा वेगळा मिळवायचा. म्हणजे २० मेगावॅटला वरचे काही मिलिमीटर पुनर्स्फटिकीकरणाच्या वर जाणारच, प्रश्न फक्त किती वेळ, हा आहे. पुनर्स्फटिकीकरणाचं तापमान हा एकच आकडा नाही. १,५०० अंशांना ते मिनिटांत होतं, १,१०० ला त्याला फार मोठा काळ लागतो. म्हणून २० मेगावॅटचे सेकंद मोजून ठेवा, चक्रांची नुसती संख्या पुरत नाही.

खात्रीसाठी कठीणता मोजा. चांगल्या लाटलेल्या टंगस्टनची विकर्स कठीणता (हिऱ्याचं टोक दाबून उमटलेल्या ठशावरून काढलेला आकडा) ४१० च्या वर असली पाहिजे. पुनर्स्फटिकीकरण झालेल्या भागात ती साडेतीनशेच्या आसपास उतरते. पृष्ठभागापासून नळीकडे दर अर्ध्या मिलिमीटरला एक ठसा घ्या. आकडा जिथे उडी मारून वर जातो, तिथपर्यंत उष्णता पोचली होती.

इथे ठोकळा आणखी गरम करणं म्हणजे आगीत तेल. भार कमी करावा लागतो: निऑन किंवा नायट्रोजन सोडून प्लाझ्मा भिंतीपाशी पोचण्याआधीच त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने फैलावायची, किंवा भार टेकण्याचा पट्टा हळूहळू मागेपुढे सरकवत राहायचा. आराखड्यातच बदल शक्य असेल तर जाडी कमी किंवा ठोकळा अरुंद. अरुंद ठोकळ्यात आडवा ताण कमी साचतो. पोटॅशियम मिसळलेलं टंगस्टन पुनर्स्फटिकीकरण पुढे ढकलतं आणि आमच्या मते नव्या मालात हाच पहिला पर्याय असावा. लँथॅनम ऑक्साइडचं मिश्रण यंत्रावर कापायला सोपं असतं, पण पृष्ठभाग फार तापला की ऑक्साइड आधी उडून जातं, तेव्हा झटक्यांच्या जागी ते टाळा.

हा तडा दिसायला भीतिदायक असतो, तरी तो नळीच्या दिशेने उभा असल्यामुळे उष्णता वाहून नेण्यात फारसा अडथळा आणत नाही. तांब्याच्या थराआधी थांबला असेल आणि पृष्ठभागाचं तापमान पूर्वीइतकंच असेल, तर ठोकळा चालू ठेवता येतो. तडा तांब्यात शिरला असेल तर नाही. तिथून पुढे नळी आहे आणि नळीत दाबाखालचं पाणी.

*फक्त एका कडेला, ओळीने उभे आखूड तडे, कड गोलसर झालेली.* हा उंचीतल्या फरकाचा तडा. प्लाझ्माला बांधणाऱ्या चुंबकीय क्षेत्ररेषा, ज्यांच्या दिशेने उष्णता वाहते, पृष्ठभागाला सुमारे ३ अंशांच्या कोनात, जवळजवळ सरपटत येतात. वरच्या पृष्ठभागावर १० मेगावॅट पडतात तेव्हा रेषेच्या दिशेने १९० मेगावॅट वाहत असतात. एखादा ठोकळा शेजाऱ्यापेक्षा ०.३ मिमी वर आला, तर त्याची उघडी कड हा सगळा भार जवळपास समोरून झेलते. आधीच तापलेल्या अशा कडेवर झटका आला की तडा किंवा वितळ ठरलेली.

२०१३ मध्ये इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकमध्ये हे मुद्दाम करून पाहिलं: टंगस्टनची एक पट्टी कड उघडी राहील अशी बसवली आणि एल्मने ती वितळवली. वितळलेलं टंगस्टन चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतप्रवाहाच्या जोराने कडेवरून सरकलं, साचलं, आणि प्लाझ्मा कोलमडला नाही. यावरून वितळलं तरी चालतं असा अर्थ काढू नये. एकदा कड उंचावली की पुढच्या शॉटला तीच आणखी उघडी पडते आणि दुखणं वाढत जातं. फ्रान्समधल्या वेस्ट यंत्रात इटरच्या धर्तीचे ठोकळे वापरतात, तिथेही उतार न दिलेल्या आणि थोड्या उंच बसलेल्या कडांवर तड्यांच्या अशा ओळी आढळल्या.

उपाय मोजमापाचा आहे. बसवल्यावर प्रत्येक ठोकळ्याची उंची लेसरने मोजा, शेजाऱ्यांतला फरक ०.३ मिमीच्या आत ठेवा. वरचा पृष्ठभाग एका बाजूला ०.५ मिमी उतरता करा म्हणजे पुढची कड शेजाऱ्याच्या सावलीत जाते. त्याची किंमतही मोजावी लागते: २८ मिमीवर ०.५ मिमी उतार म्हणजे १ अंश, कोन ३ चा ४ होतो आणि उरलेल्या पृष्ठभागावर भार तिसऱ्या हिश्शाने वाढतो. हा वाढीव भार सुरुवातीच्या हिशोबात धरलेला नसतो आणि मग मधोमध खोल तडा निघतो. एका तड्याच्या उपायातून दुसरा तडा जन्मतो तो असा.

तिसरी पायरी: तापमान खरं आहे का बघा

ठोकळा जास्त गरम दिसतोय म्हणजे तांब्याचा जोड सुटला, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. टंगस्टन अवरक्त किरण फार कमी सोडतं आणि धातूच्या भांड्यात आजूबाजूची झळ परावर्तित करतं. पृष्ठभाग खडबडीत झाला, जाळी पडली, की त्याची उत्सर्जकता, म्हणजे किरण सोडण्याचं प्रमाण, वाढते. कॅमेऱ्यात जुनाच आकडा भरलेला असेल तर तेच तापमान जास्त दिसतं.

पडताळा पाण्यावरून घ्या. १२ मिमीच्या नळीत पिळदार पट्टीसह १० मीटर प्रति सेकंद वेगाने सुमारे १ किलो पाणी दर सेकंदाला जातं. एका ठोकळ्यावर १० मेगावॅट म्हणजे ३.३६ किलोवॅट. दहा ठोकळ्यांवर भार असेल तर ३३.६ किलोवॅट, आणि पाणी ८ अंशांनी तापलं पाहिजे. ते ८ च्या आसपास असेल तर भार ठरल्याप्रमाणे आहे, मग शंका कॅमेऱ्यावर किंवा जोडावर. १२ दाखवत असेल तर भारच जास्त पडतोय आणि ठोकळ्याचा दोष नाही.

जोड आणि कॅमेरा यांतलं कोण खोटं, ते भार काढल्यावर कळतं. उत्सर्जकता चुकली असेल तर आकडा चुकीचा पण गार होण्याचा वेग शेजाऱ्यासारखाच. जोड सुटला असेल तर तो ठोकळा शेजाऱ्यांपेक्षा सावकाश गार होतो. भार न लावताही हे करता येतं: नळीतून आधी गरम पाणी सोडा, मग एकदम थंड, आणि कॅमेऱ्यात कोणता ठोकळा मागे राहतो ते बघा. नळीच्या आतून फिरवलेली श्राव्यातीत तपासणी नेमकी जागा दाखवते. जोड सुटलेला ठोकळा चालू ठेवू नका. उष्णता उरलेल्या जोडाच्या अरुंद वाटेने जाते, तिथे पाणी उकळून नळीला वाफेची साल चढते आणि नळी क्षणात जळते.

पृष्ठभाग काळा, मखमलीसारखा झाला असेल तर ती तिसरीच गोष्ट. हेलियमच्या माऱ्याखाली, साधारण ७०० ते १,७०० अंशांच्या पट्ट्यात, टंगस्टनवर नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची लव उगवते. तिच्यातून उष्णता नीट जात नाही आणि ठिणग्या पडतात. हायड्रोजनवरच्या चाचणीत ती दिसणार नाही, तेव्हा नुसत्या हायड्रोजनवर पास झालेला नमुना हेलियमसाठी पास धरू नका.

माल घेताना

शुद्धता ९९.९४ टक्के, घनता १९ च्या वर, कठीणता ४१० च्या वर, हे कागद सगळे मागतात. दाण्यांची दिशा विचारायची राहून जाते, आणि सगळ्यात महागात तीच पडते. तडे दाण्यांच्या कडेने धावतात. लांबट दाणे पृष्ठभागाला उभे, म्हणजे उष्णता वाहते त्या दिशेने असतील, तर तडेही उभे राहतात आणि ठोकळा तड्यांसह काम करतो. दाणे पृष्ठभागाला समांतर असतील तर पहिले तडे उभे शिरतात आणि थोड्या खोलीवर आडवे वळतात. वरची खपली खालच्या धातूपासून सुटते, तिची उष्णता जायला वाट उरत नाही आणि पुढच्या काही झटक्यांत ती वितळते. छेदात आडवे तडे दिसले तर शक्ती, पाणी, उंची काहीही बदलून उपयोग नाही, तो ठोकळा चुकीच्या बाजूने कापलाय.

नमुने तारेच्या ठिणगीने कापलेले असतील तर कापलेल्या बाजूवर वितळून गोठलेला पातळ थर आणि त्यात सूक्ष्म तडे आधीच असतात. चाचणी तिथूनच सुरू होते आणि निकाल खोटा येतो. तो थर घासून पूर्ण काढा, पृष्ठभाग आरशासारखा करा, मग निर्वातात १,००० अंशांवर एक तास तापवून आतले ताण आणि वायू सोडवा. १,००० च्या वर जाऊ नका, तिथून पुढे पुनर्स्फटिकीकरणाचा धोका वाढत जातो.

आणि दिशेची खूण. पट्टीवरून ठोकळे कापण्याआधी प्रत्येक ठोकळ्याच्या बाजूच्या पृष्ठभागावर, भार न पडणाऱ्या जागी, लाटण्याच्या दिशेचा बाण कोरून घ्या. शाईची खूण धुताना जाते. कापून, घासून, धुवून झाल्यावर २८ बाय १२ चे दोन ठोकळे हुबेहूब सारखे दिसतात आणि कोणता उभा, कोणता आडवा, हे मग फक्त एक ठोकळा फोडूनच कळतं.